नानांनी लिहिलेला जबाब

या प्रकरणाची आठवण झाली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात दगड खाल्ले. त्यातलं पुष्कळसं आता विसरायला झालं आहे. या प्रकरणात मात्र ना फिर्याद होती, ना गुन्हा, ना आरोपी. स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद झाली, बस्स. तरी निवृत्तीनंतर धुळ्याच्या घरात रिकामा बसलो की हेच आधी आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

त्या वेळी मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत केळीच्या बागा, कापूस आणि रोज जळगावला ये-जा करणारी मोटारसायकलवरची माणसं. ठाण्यात वयाने सगळ्यांत मोठे एक हवालदार होते. त्यांना लहान-मोठे सगळे नाना म्हणत, मीही म्हणत असे. नाना मूळचे पारोळ्याकडचे. बोलायला लागले की अहिराणी, पण हातात पेन आलं की एकदम कडक सरकारी मराठी. जबाब लिहून घ्यावा तर नानांनीच. समोरचा माणूस रडो, ओरडो, घोळ घालो, नाना त्याचं बोलणं शांतपणे 'सदर इसम' आणि 'सबब' यांच्यात बसवून टाकत. लिहिताना स्वतःशीच पुटपुटायची त्यांना सवय होती. नवीन पोरं त्यांची नक्कल करत आणि नाना हसून सोडून देत.

नानांचा एकुलता एक मुलगा मी त्या ठाण्यात येण्याच्या आधी गेला होता. गावाच्या वळणावर मोटारसायकलचा अपघात, एवढंच मला माहीत होतं. हवालदाराचा तरणाताठा पोरगा गेला म्हणून गाव हळहळलं आणि ग्रामपंचायतीने त्या वळणावर गतिरोधक टाकून घेतला. नाना रोज ड्युटीवर येता-जाता त्यावरूनच जात. ठाण्यात त्या मुलाचा विषय कुणी काढत नसे. आम्हाला वाटायचं, आपण नानांचं मन जपतो आहोत.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खेड्यात कुणी स्वतःचा जीव दिला की घरचे लोक पोलिसांना एकच कारण सांगतात, पोटदुखीला कंटाळून. कुणी आजाराला कंटाळून म्हणतो, पण बहुतेक वेळा पोटच दुखत असतं. घातपात नाही, कुणावर संशय नाही, नातेवाइकांची तक्रार नाही, एवढं झालं की पोलीसही ते लिहून घेतात आणि अकस्मात मृत्यूचं प्रकरण मिटतं. याला आम्ही माणुसकी समजत होतो. घरात धाकटी मुलगी लग्नाची असते, सुनेवर बोट जायची भीती असते, गावात तोंड दाखवायचं असतं. नाना या कामात सगळ्यांत वाकबगार. बापाला कोपऱ्यात घेऊन ते असं काही समजवत की तो बाप पुढे वर्षानुवर्षं रस्त्यात दिसला की नानांना हात जोडत असे.

तर एक दिवस सकाळी बाहेर आवारात हजेरी चालू होती. हजेरीच्या वेळी मी केबिनमध्येच बसून राही आणि लँडलाइन वाजली तर स्वतः उचलत असे, कारण आत दुसरं कुणी नसायचं. त्या जुन्या फोनला नंबर दिसायची सोय नव्हती. पलीकडचा आवाज दबका होता, तोंडावर रुमाल धरल्यासारखा. म्हणाला, "सदर भागात एक बाई फिरत आहे. ज्या घरी मयत झालेलं आहे त्याच घरी ती जाते. दार लावून घेते. बायकांना बोलतं करते, रडवते. आज ती एका बाईला फूस लावून जळगावला नेणार आहे. पुढे काही बरंवाईट झाल्यास जबाबदारी आपणावर राहील." ती कोणत्या बसने येणार आणि कोणत्या गावाच्या थांब्यावर उतरणार हेही त्याने सांगितलं. नाव विचारलं तर फोन ठेवून दिला.

निनावी फोन ठाण्यात काही कमी येत नाहीत. निम्मे भाऊबंदकीचे असतात, उरलेले दारूचे. पण इथे मयताची घरं, बायका आणि रडणं असं तिन्ही एकत्र आलं होतं. करणी उतरवणारी असेल, विम्याच्या पैशांवर डोळा असलेली असेल, काही सांगता येत नव्हतं. मी एका महिला पोलिसाला आणि एका शिपायाला थांब्यावर पाठवलं. त्यांनी तासाभरात बाईला आणलं.

मी भोंदू बाई पाहायच्या तयारीने बसलो होतो. आली ती पस्तिशीची, सुती साडीतली, खांद्याला कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर संताप. माझा एक अनुभव आहे. लबाड माणूस ठाण्यात आला की आधी पाणी मागतो आणि फार नम्र वागतो. जो नुसता चिडतो, त्याच्याकडे लपवायला सहसा काही नसतं. ही तर उभ्या उभ्याच भांडायला लागली.

"कोणत्या कलमाखाली आणलंय मला?"

"आणलं नाही, बोलावलंय," मी म्हणालो. "बसा. चहा घेणार?"

"चहा नको. मला जायचंय. उशीर होतोय."

तिने ओळखपत्र काढून दिलं. बाई मूळची चाळीसगावची होती आणि विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय विचारला तर म्हणाली, "ज्या घरातल्या माणसाने स्वतःचा जीव दिला, त्या घरातले मागे राहिलेले लोक पुढे कसे जगतात, हा विषय."

मी म्हणालो, "यात संशोधन करण्यासारखं काय आहे? रडतात, मग सावरतात."

"कोण सावरतं साहेब?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "साधं मरण असलं की लोक दारावर येतात, बसतात, गेलेल्याच्या चार गोष्टी काढतात. भाकरीची टोपली शेजारून येते. अशा मरणाला लोक येतात, कारण विचारतात आणि चहा न घेता उठतात. मग घरच्यांनी गेलेल्याचं नावच काढायचं नाही, असं ठरून जातं. आई मुलाचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. मी फक्त जाऊन बसते आणि विचारते, कसा होता हो तो? कसा गेला ते नाही विचारत. कसा होता ते विचारते."

मग ती जराशी हसली आणि म्हणाली, "तुमच्या हद्दीत एवढ्या लोकांची पोटं दुखतात साहेब, तर इथे एखादा पोटाचा मोठा दवाखाना कसा नाही निघाला?"

महिला पोलीस खिडकीबाहेर बघायला लागली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कानाची पाळी गरम झाली, एवढं आठवतं.

मी विषय बदलला. आज कुणाला जळगावला नेणार होतात, असं विचारलं. ती म्हणाली, नाव सांगणार नाही. तिच्या पिशवीत आवाज टिपायचं छोटं यंत्र होतं. ते मी मागितलं, तर तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "लोक माझ्यावर विश्वास ठेवून बोललेत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय हे कुणाला ऐकवणार नाही. तुम्ही कोर्टाचा आदेश आणा."

"नाव सांगा, म्हणजे प्रश्न मिटला. आम्ही त्या घरी जाऊन खात्री करतो आणि तुम्हाला सोडतो."

"पोलीस खात्री करायला गेले तर ती माणसं पुन्हा जन्मात तोंड उघडणार नाहीत."

असं बराच वेळ चाललं. शेवटी मी म्हणालो, ठीक आहे, नाव राहू द्या, पण तुमचा रीतसर जबाब होईल. तेवढ्यात नाना समन्स बजावून परत आले. सकाळी हजेरीच्या आधीच ते समन्स घेऊन बाहेर पडले होते. मी हाक मारली, "नाना, या. एक जबाब घ्यायचाय."

नाना दारात आले आणि उंबऱ्यावरच थांबले. बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर टेबलावर नेली. मला ते दिसलं. पण उन्हातून आलेले दमले असतील, असं मला वाटलं. नाना खुर्चीवर बसले, कोरे कागद पुढे ओढले आणि पेनचं टोपण काढलं.

बाई बोलायला लागली. आता तिचा आवाज बदलला होता, भांडणाचा सूर गेला होता. ती माझ्याकडे बघून बोलत होती, पण सावकाश, एकेक वाक्य सुटं करून.

"मी एका घरी जाते. तिथल्या आईचा मुलगा गेला आहे."

नाना पुटपुटत लिहू लागले, "सदर महिलेचा मुलगा मयत झालेला असून..."

"लोकांना वाटतं अपघात झाला. तो अपघात नव्हता, हे आईला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी मुलगा तिच्याशी जे बोलला, ते तिने कुणाला सांगितलं नाही. नवरा म्हणाला, पोटात ठेव. तिने ठेवलं."

नानांचं पुटपुटणं थांबलं, पेन मात्र चालू होतं.

"मुलगा कितीतरी महिने झोपत नव्हता. आयटीआय करून दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला लागला होता, ते सोडून घरी येऊन बसला. आईला कळत होतं की याला डॉक्टर हवा. तिने म्हटलंही होतं. पण नाही नेलं. आता ती स्वतः झोपत नाही, साहेब. जेवत नाही. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्याशी बोलायला लागली, मुलाचं नाव घ्यायला लागली. मला वाटलं, आता बरं होईल. पण मागच्या वेळी गेले तर तिने आपली चांगली लुगडी भाचीला देऊन टाकली होती. पितळी भांडी बहिणीकडे पोहोचवली होती. मी विचारलं, अक्का, असं का? तर म्हणाली, मला आता काय करायचीत."

माझ्यासारख्या माणसालाही त्याचा अर्थ कळला. ठाण्यात इतकी वर्षं काढल्यावर तेवढं कळतंच.

"मी हातापाया पडून तिला जळगावच्या डॉक्टरकडे यायला तयार केलं. मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. आज दुपारची वेळ घेतली आहे. ती म्हणाली, आज येते, पुन्हा विचारू नका. आज मी पोहोचले नाही, तर ती समजेल की कुणीच येणार नव्हतं. मग त्या घरात काय होईल, ते मला नाही सांगता येणार. मला सोडा, साहेब. मी संध्याकाळी परत येऊन इथे बसते. हवं तर कोठडीत बसते."

मी नानांकडे पाहिलं. 'सदर महिलेने आपली लुगडी' इथपर्यंत कागदावर आलं होतं आणि पेन तिथेच टेकलं होतं. शाईचा ठिपका पसरत चालला होता. नानांच्या कागदावर डाग मी पहिल्यांदाच पाहत होतो.

खरं सांगायचं तर तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. हजेरीच्या वेळी फोन मीच उचलतो, हे बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. रुमालाआडून का होईना, पण 'सदर' आणि 'जबाबदारी आपणावर राहील' असं फोनवर कोण बोलतं? सकाळी हजेरीला कोण नव्हतं? मी विचारायला तोंड उघडणार, तोच नाना बोलले. कागदावरची भाषा गळून पडली होती.

"साहेब, ते घर मनं शे."

ज्या घराबद्दल बाई बोलत होती, ते नानांचंच होतं.

"फोन बी मीच करेल शे," नाना म्हणाले. "राती अक्कानी सांगं, उद्या ताई माले डॉक्टरकडे लई जाई. मना जीव घाबरना. हवालदारनी बायको येडासना डॉक्टरकडे जाई, लोके काय म्हनतीन? पोऱ्याना टाइमले बी मी हाईच म्हनं व्हतं. अक्का मांगे लागेल व्हती, त्याले जळगावले लई चाला. मी म्हनं, हवालदारना पोऱ्या शे तो, येडा नही. मी त्याले लई गऊ नही, साहेब. आते तिले बी मीच आडावं."

पोराला डॉक्टरकडे नेलं नाही आणि आता बायकोलाही आपणच अडवलं, असं म्हणून ते टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. वर्दीतला माणूस ठाण्यात रडताना पाहायची आम्हाला सवय नसते. महिला पोलीस बाहेर निघून गेली. पाण्याचा ग्लास पुढे करावा एवढंही मला सुचलं नाही. ज्या माणसाच्या शेजारी बसून मी रोज डबा खाल्ला, तो रोज त्या गतिरोधकावरून जाताना काय गिळत होता, याचा मला पत्ता नव्हता. आम्ही मन जपत होतो म्हणे. आम्ही फक्त आपली अडचण टाळत होतो. त्या बाईसमोर बसायची मला लाज वाटली.

मी बाईला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांच्या घरी भिंतीवर फोटो आहे. मुलाच्या शेजारी यांचा, वर्दीतला," ती म्हणाली. "आत आले तेव्हाच ओळखलं. नाव मी घेतलं नाही. पण लुगड्यांचं त्यांना कळायला हवं होतं. ते सांगायला नको होतं, असं आमचे मार्गदर्शक सर म्हणतील. म्हणू देत."

मी सरकारी गाडी घेतली नाही. त्या दारासमोर पोलिसांची गाडी लागली असती, तर शेजारी गोळा झाले असते. माझी स्वतःची गाडी काढली. नाना पुढे माझ्याशेजारी, बाई मागे. असोद्याकडून येणारी बस वाटेत आडवी आली, तिच्या मागे मागे जावं लागलं आणि मी उगाचच हॉर्न वाजवत राहिलो. बाई मागून सारखी फोन लावत होती, पण पलीकडून कुणी उचलत नव्हतं. वळण आलं, गाडी गतिरोधकावरून दणकली, तेव्हा नाना समोर बघतच म्हणाले, "हाऊ गतिरोधक खोटा शे, साहेब."

घराचं दार उघडं होतं. ते पाहून बाईने सोडलेला श्वास मला पुढच्या सीटवर ऐकू आला. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. अंगावर धुतलेलं साधं लुगडं, मांडीवर पिशवी, केस नीट विंचरलेले. फोन आत चुलीपाशी राहिला होता.

"उनात का, ताई?" बाईला येताना पाहून त्या म्हणाल्या. "मी सकायपासून तयार व्हई बठेल शे. माले वाटनं, तुम्ही बी येत नहीत आते."

बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि हात हातात घेतला. मग अक्कांचं लक्ष आमच्याकडे गेलं. मला पाहून त्यांनी पदर डोक्यावर ओढला. नानांना पाहून त्यांचा चेहरा बंद झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

नाना अंगणात उभे होते. म्हणाले, "चाल. मी बी येस."

अक्कांनी अगदी हळू विचारलं, "मंग पोऱ्याले काबर नही लई गयात?"

मी आयुष्यभर प्रश्न विचारण्याचं काम केलं. अट्टल गुन्हेगारांना विचारले, पुढाऱ्यांना विचारले. असा प्रश्न मला कधी विचारता आला नाही. नानांचा वकिलासमोरही कधी शब्द अडला नव्हता. ते दोनच शब्द बोलले.

"लाज वाटनी."

"आते नही वाटत?"

कपडे बदलून येतो, म्हणून नाना घरात जायला निघाले. हवालदाराने वर्दीवर तिथे जाऊ नये, हे त्यांच्या मनात असणार, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात होतं. अक्का उठल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "वर्दीवरच चाला."

जळगावला जाताना अक्का बाईजवळ मागे बसल्या. दवाखान्यात गर्दी होती. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीने बसली होती, आणि एकही जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. जो तो जमिनीकडे किंवा मोबाइलकडे. नाना वर्दीत आत आले, तसे दोघे-तिघे दचकून उठले. त्यांना वाटलं, पोलीस कुणाला तरी न्यायला आले.

तेवढ्यात आमच्याच हद्दीतला एक ओळखीचा केळीवाला शेतकरी कोपऱ्यातून म्हणाला, "काय नाना, ड्युटीवर का?" तोही तिथे कशाला आला होता, ते त्याने सांगितलं नाही, आणि रुमालाने तोंड पुसायचं निमित्त करून अर्धा चेहरा झाकला.

नानांना 'हो' म्हणता आलं असतं. मीच जवळजवळ त्यांच्या वतीने 'हो' म्हणणार होतो. पोलिसाला खोटं निमित्त शोधायला वेळ लागत नाही. पण नाना म्हणाले, "नही भो. घरवालीले दखाडाले लयेल शे."

बायकोला दाखवायला आणलंय, असं वर्दीतला हवालदार उघड म्हणाला, तशी बाकावरची माणसं वर बघायला लागली. केळीवाल्याने रुमाल खिशात घातला आणि सरकून जागा केली. नाना अक्कांच्या शेजारी बसले. अक्का थोड्या बाजूला झाल्या, पण उठल्या नाहीत.

त्या दिवशी अक्का बऱ्या झाल्या, असं मी लिहिणार नाही. गोळ्या सुरू झाल्या, फेऱ्या सुरू झाल्या. मधे एकदा त्यांनी सगळं सोडूनही दिलं होतं. नाना दर खेपेला रजेचा अर्ज टाकून त्यांना घेऊन जात. अर्जात कारण लिहीत, पत्नीस मानसोपचार तज्ज्ञाकडे नेणे. त्या अर्जावर सही करताना ठाण्यातली कुजबुज माझ्या कानावर येई. मी एक-दोघांना झापलं. पण झापून लाज जात नाही, एवढं मला कळून चुकलं होतं. अक्का नानांशी नीट बोलायला लागल्या, त्याला पुढे बराच काळ गेला. त्यांनी नानांना माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. विचारायचा मला अधिकारही नाही.

डायरीत मी नोंद केली की निनावी माहितीवरून चौकशी केली, आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही. नानांनी लिहिलेला अर्धा जबाब मी बाईच्या समोर फाडला. तिचं संशोधन पुढे पूर्ण झालं. तिने माझी माफी मागितली नाही आणि मीही तिच्याकडून ती अपेक्षा केली नाही. माफी मागायची वेळ माझी होती. ती मागितली तेव्हा ती म्हणाली, "माझी कशाला मागता? पुढच्या वेळी कुणाचं पोट दुखलं तर त्या घरी महिन्याने एकदा जा. वर्दी न घालता. आणि तो कसा होता, ते विचारा."

मी गेलो. सगळ्या घरी नाही गेलो, बंदोबस्त, निवडणुका, साहेबांचे दौरे यांत पुष्कळ घरं राहिली. पण जिथे गेलो, तिथे चहा मिळाला आणि मग तास-दोन तास उठू दिलं नाही. पोलीस खात्याने मला एवढंच शिकवलं होतं की मरणात घातपात नसला की काम संपलं. आमचं काम संपतं, त्या घराचं तिथून सुरू होतं. हे मला कळायला माझ्याच ठाण्यातल्या माणसाच्या कागदावर डाग पडावा लागला, याची लाज वाटते आणि वाटत राहील.

हा लेख लिहायच्या आधी मी नानांना फोन केला. ते आता निवृत्त होऊन गावीच असतात. लिहू का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, लिहा साहेब, फक्त कुणाचं नाव नको. मी म्हणालो, बरं. मग पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला आणि अक्का बोलायला लागल्या.

"बठ्ठासना नावे काढी टाका, साहेब. मनं काढा, यासनं काढा. पन मना पोऱ्यानं नाव लिखा. त्यानं काय चुकेल शे?"

म्हणून लिहितो. त्याचं नाव योगेश होतं.